चोविसाव्या वर्षी साठीची तरतूद करावी का?

पैशांविषयीच्या या सदरात या वेळी तीन पत्रांना उत्तरे देत आहे. तिन्ही पत्रे तरुणपणीच निवृत्तीची बचत सुरू करावी का, या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यात लिहिलेली परिस्थिती मुंबईत पहिली किंवा दुसरी नोकरी करणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या ओळखीची आहे.

प्रश्न : मी २४ वर्षांची असून भांडुपला आईवडील आणि धाकट्या भावासोबत राहते. अंधेरीच्या एका कंपनीत दीड वर्ष काम केल्यानंतर मागच्या महिन्यात मी ऐरोलीच्या कंपनीत रुजू झाले. बेसिक दोन्हीकडे १५,००० रुपयेच आहे आणि आता हातात ३१,००० रुपये येतात, त्यांतले १२,००० मी घरात देते. जुन्या नोकरीच्या पीएफमध्ये सुमारे ४५,००० रुपये जमा आहेत. ते काढून घे, उगाच अडकवून ठेवू नकोस, असे मैत्रिणींचे म्हणणे आहे. पगाराचे खाते उघडायला बँकेत गेले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजनेचा) फॉर्म पुढे केला आणि यात कर वाचेल असे सांगितले. बाबांचे मत असे की आधी घराचे पाहा, म्हातारपणाचे म्हातारपणी बघू. ते स्वतः एका खासगी कंपनीतून निवृत्त झाले असून त्यांना पीएफ कार्यालयाकडून महिन्याला दोन हजारांच्या थोडे वर पेन्शन मिळते. लग्न, घर, भावाचे शिक्षण हे सगळेच अजून व्हायचे असताना मी आतापासून निवृत्तीचे खाते उघडणे शहाणपणाचे आहे का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच आहे. निवृत्तीसाठीची बचत चोविसाव्या वर्षी सुरू करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र नवे खाते उघडण्याआधी तुमच्याकडे जे खाते आहे ते नीट पाहून घ्या. निवृत्तीचे खाते उघडू का, असे तुम्ही विचारत आहात, पण ते दीड वर्षापूर्वी, पहिल्या पगाराच्या दिवशीच उघडले गेले आहे, आणि मैत्रिणींचा सल्ला ते रिकामे करण्याचा आहे.

पीएफचे पासबुक ऑनलाइन उघडलेत तर प्रत्येक महिन्यापुढे तीन रकाने दिसतील. बेसिक १५,००० असल्यामुळे पहिल्या रकान्यात तुमच्या पगारातून कापलेले १,८०० रुपये असतील. कंपनीलाही तेवढेच म्हणजे १२ टक्के भरावे लागतात, पण तिचे १,८०० रुपये दोन ठिकाणी विभागले जातात : ५५० रुपये तुमच्या पीएफमध्ये आणि १,२५० रुपये कर्मचारी पेन्शन योजनेत. म्हणजे तुमच्या नावावर पीएफमध्ये दरमहा २,३५० रुपये साठतात, आणि त्यांतले ५५० रुपये तुमच्या हातात कधीही आले नसते. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी पीएफवरील व्याजाचा दर ८.२५ टक्के होता. एवढ्या सुरक्षित ठेवीवर इतके व्याज आज बँकेत सहसा मिळत नाही.

आता त्या ४५,००० रुपयांचे काय होऊ शकते ते पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी सरासरी ८ टक्के व्याज धरले आणि तुम्ही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्याला हात लावला नाही, तर ३४ वर्षांत त्याच रकमेचे सहा लाखांहून अधिक होतात. त्यात तुम्हाला आणखी एक रुपयाही घालावा लागत नाही. काढून घेतलेत, तर त्यांचा एखादा फोन आणि गोव्याची एखादी सहल होईल. शिवाय पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी काढलेला पीएफ करपात्र ठरू शकतो, आणि लगेच दुसरी नोकरी लागलेली असताना जुना पीएफ पूर्ण काढणे मुळात नियमातही बसत नाही. तो नव्या नोकरीच्या खात्यात वर्ग करायचा असतो. त्यासाठी नव्या कंपनीला तुमचा जुनाच यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक, द्या आणि त्यांनी चुकून दुसरा नंबर काढलेला नाही ना, याची खात्री करून घ्या. आधार, पॅन आणि बँकखाते त्या यूएएनला जोडलेले असेल आणि नाव, जन्मतारीख सगळीकडे तंतोतंत जुळत असेल, तर पुढचे काम फारसे कठीण राहत नाही. नावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकामुळे माणसे महिनोन् महिने वांद्र्याच्या किंवा ठाण्याच्या पीएफ कार्यालयात खेटे घालतात. ती दुरुस्ती निवृत्तीच्या वेळेपेक्षा आज, कंपनी चालू असताना आणि कागद हाताशी असताना करून टाकणे कितीतरी सोपे आहे. वारसाची नोंदही त्याच बैठकीत करून टाका.

पासबुकातल्या तिसऱ्या रकान्याबद्दल, म्हणजे पेन्शनच्या १,२५० रुपयांबद्दल, थोडे अधिक सांगायला हवे, कारण वडिलांच्या पेन्शनचे उत्तर तिथे आहे. १९९५ पासून चालत आलेल्या या योजनेत पेन्शनचे सूत्र असे आहे : पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. पेन्शनपात्र पगार मात्र कमाल मर्यादेपर्यंतच धरला जातो. ती मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे आणि त्याआधी बरीच वर्षे ती ६,५०० रुपये होती. तुमच्या वडिलांच्या सेवेचा मोठा भाग त्या जुन्या मर्यादेत गेला असणार, म्हणून आयुष्यभर नोकरी करूनही पेन्शन दोन हजारांच्या आसपास अडकले. तुमच्या बाबतीत १५,००० ची मर्यादा जशीच्या तशी राहिली आणि तुम्ही ३५ वर्षे नोकरी केली, तरी हा आकडा ७,५०० रुपयांच्या जवळपास जातो. हे पेन्शन मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि नोकरी बदलताना पेन्शनचा भाग काढून घेतला की ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून पीएफ वर्ग करताना पेन्शनची सेवाही वर्ग झाली आहे ना, हे अवश्य पाहा.

म्हातारपणाचे म्हातारपणी बघू, या वडिलांच्या वाक्यामागे त्यांचे आयुष्य आहे आणि मी त्याचा अनादर करणार नाही. ज्या पिढीने घर उभे करण्यात, मुलांची शिक्षणे करण्यात आणि गावाकडे पैसे पाठवण्यात पगार संपवला, तिच्याकडे वेगळे काढायला काही उरतच नव्हते. पण त्यांच्या हाती आज येणारी रक्कम हीच तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. दोन हजारांत त्यांची औषधे तरी होतात का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. बाकीचा भार तुमच्या १२,००० रुपयांवर आहे. साठीनंतर तुमचा भार कोणावर असेल, हे आज ठरवता येणार नाही, पण तो कमी कसा राहील याची सोय मात्र आजच सुरू करता येते.

लवकर सुरुवात करण्याचा लाभ किती, याचा एक साधा हिशेब देते. पीएफ बाजूला ठेवा. आणखी २,००० रुपये तुम्ही चोविसाव्या वर्षापासून दरमहा भरले आणि सरासरी ८ टक्के परतावा मिळाला, तर साठाव्या वर्षी सुमारे ५० लाख रुपये जमतात. त्यात तुमच्या खिशातून गेलेले असतात ८ लाख ६४ हजार. हीच सुरुवात चौतिसाव्या वर्षी केली, तर तेवढ्याच हप्त्याने जवळपास २१ लाख जमतात आणि खिशातून ६ लाख २४ हजार जातात. सुरुवातीच्या दहा वर्षांतले २ लाख ४० हजार शेवटी २९ लाखांचा फरक पाडतात. म्हणूनच, सध्या पगार कमी आहे, वाढला की भरीन, हा विचार कितीही सयुक्तिक वाटला तरी महागात पडतो.

मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू बँकेतले अधिकारी सहसा सांगत नाहीत, ती मला सांगितलीच पाहिजे. ३६ वर्षे महागाई सरासरी ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर त्या वेळच्या ५० लाखांची किंमत आजच्या साधारण सव्वासहा लाखांपेक्षाही थोडी कमी भरेल. मुंबईत सव्वासहा लाखांवर कोणाचेही म्हातारपण निघत नाही. त्यामुळे २,००० रुपयांच्या हप्त्यावर निश्चिंत होऊन बसू नका. पगार वाढेल तसा हप्ताही दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढवलात, तर त्याच परताव्याने शेवटची रक्कम एक कोटीच्या पुढे जाते. हप्त्याचा आकडा आज लहान असला तरी चालेल, पण दरवर्षी पगारवाढीचे पत्र हातात पडताच तो वाढवायची सवय पहिल्या वर्षापासून लागली पाहिजे.

आता एनपीएसकडे वळते. ही योजना १ मे २००९ पासून सर्व नागरिकांसाठी खुली आहे आणि तिच्यावर पीएफआरडीए या नियामक संस्थेची देखरेख असते. पॅन आणि आधार असेल तर घरबसल्या ऑनलाइन खाते उघडता येते. तुम्हाला १२ अंकी प्रान, म्हणजे एनपीएसचा कायमचा क्रमांक, मिळतो आणि नोकरी किंवा शहर बदलले तरी तो बदलत नाही. टियर वन या मुख्य निवृत्ती खात्यात वर्षाला किमान १,००० रुपये भरले तरी खाते चालू राहते. निधी व्यवस्थापनाचा खर्चही अतिशय कमी आहे, आणि तीस-पस्तीस वर्षांच्या मुदतीत खर्चातला हा लहानसा फरक मोठी रक्कम वाचवतो.

कर वाचतो म्हणून खाते उघडा, हा सल्ला मात्र तुमच्या बाबतीत लागू पडत नाही. एनपीएससाठी मिळणारी ५०,००० रुपयांची जादा वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदारांना १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर करच पडत नाही, आणि तुमचा वर्षाचा पगार त्याच्या निम्म्यानेही नाही. जो कर तुम्हाला भरायचाच नाही, तो वाचवण्यासाठी पैसे अडकवण्यात अर्थ नाही. पुढे पगार बराच वाढला, तर कंपनीकडून तुमच्या एनपीएस खात्यात काही रक्कम भरून घेण्याची सोय आहे का, ते विचारा. बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतच्या अशा रकमेवर नव्या प्रणालीतही करसवलत मिळते. तोपर्यंत एनपीएसचा विचार निवृत्तीची बचत म्हणूनच करायचा, कराचा मुद्दा बाजूला ठेवायचा.

बचत म्हणून पाहिले, तर तिची मुख्य अट समजून घेऊनच सही करा : यातले पैसे मध्येच सहजासहजी मिळत नाहीत. तीन वर्षांनंतर आजारपण, शिक्षण, घर अशा ठरावीक कारणांसाठी स्वतः भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत पैसे काढता येतात. मुदतीआधी कायमचे बाहेर पडायचे, तर रक्कम अगदीच लहान नसेल तेव्हा तिच्यातला ८० टक्के भाग ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीकडून पेन्शन विकत घेण्यात, घालावा लागतो. निवृत्तीच्या वयाला पूर्वी ४० टक्के भागाची ॲन्युइटी सक्तीची होती. डिसेंबर २०२५ मध्ये बिगर-सरकारी सदस्यांसाठी हे प्रमाण २० टक्क्यांवर आणले गेले. हा बदल चांगला आहे असे मी मानते, कारण ॲन्युइटीचे उत्पन्न करपात्र असते आणि नेहमीच्या प्रकारात ते महागाईबरोबर वाढत नाही. पण तुमच्यापुढे ३६ वर्षे आहेत आणि एवढ्या काळात नियम अनेकदा बदलतील, कधी तुमच्या सोयीचे तर कधी गैरसोयीचे. म्हणून सगळी बचत एकाच योजनेत ठेवू नये, असे माझे मत आहे.

पैसे अडकून राहणे हा दोष की गुण, याचे उत्तर प्रत्येकासाठी वेगळे असते. मुंबईत आपल्या बचतीवर सर्वांत मोठा हात घर मारते. बँक ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, म्हणजे ठाण्यापलीकडे ६० लाखांचा लहानसा फ्लॅट घ्यायचा म्हटले तरी १२ लाख रुपये स्वतःचे हवेत. त्यावर मुद्रांक शुल्क वेगळे. (घर फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे घरात बोलताना लक्षात असू द्या.) हे १२ लाख जमवताना माणूस आधी बँकेतली शिल्लक मोडतो, मग सोने, आणि शेवटी पीएफ. घर होते, पण पन्नाशीत पासबुक उघडले की त्यात काही नसते. ज्यांच्या घरी हे घडलेले आहे, त्यांच्यासाठी एनपीएसचे कुलूप उपकारकच ठरते, कारण घरच्यांच्या अडचणीपुढे स्वतःच्या निवृत्तीचे पैसे नाकारणे आपल्याकडे कोणालाच जमत नाही, आणि ते नाकारण्याचे काम नियम करतो.

पण ते कुलूप लावण्याआधी हाताशी काही असले पाहिजे. तुमच्या पत्रात बँकेतल्या शिल्लकीचा उल्लेख नाही, त्यावरून ती फारशी नसावी असे समजते. घरात दिलेले १२,००० आणि तुमचा स्वतःचा खर्च मिळून किमान तीन महिन्यांचे पैसे बँकेत, आरडीत किंवा लहान लहान मुदतठेवींत, आधी जमवा. तोपर्यंत एनपीएसमध्ये वर्षाचे किमान १,००० रुपये भरून खाते चालू ठेवले तरी पुरे. वडिलांना आणि आईला आरोग्य विमा आहे का, हेही याच टप्प्यावर पाहा. कंपनीचा गटविमा नोकरीसोबत संपतो आणि ज्येष्ठांना नवा विमा मिळणे वयाबरोबर अवघड होत जाते. एका मोठ्या आजारपणात निवृत्तीची सगळी गणिते कोलमडतात.

ही शिल्लक जमली की महिना २,००० रुपयांचा हप्ता सुरू करा. तो एनपीएसमध्येच घाला, असे मी तुम्हाला सुचवेन, कारण तुमचा पीएफ ठरावीक व्याजाच्या बाजूला आधीच उभा आहे आणि शेअर बाजाराशी जोडलेला भाग तुमच्याकडे अजिबात नाही. एनपीएसमध्ये ऑटो चॉइस निवडला आणि त्यातला मध्यम पर्याय घेतला, तर पस्तिशीपर्यंत निम्मी रक्कम शेअरमध्ये राहते आणि पुढे दरवर्षी तो भाग आपोआप कमी होत जातो. बाजार रोज पाहायची सवय नसलेल्या माणसाला ही व्यवस्था पुरेशी आहे. मात्र बाजार पडला की हप्ता थांबवायचा नाही, एवढे आताच ठरवा. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्सने ४२,००० चा टप्पा गाठला होता. २३ मार्चला तो २६,००० च्याही खाली गेला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ४७,००० च्या वर बंद झाला. त्या मार्चमध्ये घाबरून बाहेर पडलेल्यांचे नुकसान कायमचे झाले, आणि हप्ता भरत राहिलेल्यांना त्याच महिन्यांत शेअर स्वस्तात मिळाले. प्रत्येक पडझडीनंतर बाजार इतक्या लवकर सावरतोच असे नाही, पण तुमच्या हाताशी वर्षे आहेत, आणि ती तुमच्या बाबांकडे आता नाहीत.

घरासाठीची बचत वेगळ्या खात्यात, वेगळ्या नावाने करा आणि तिचा निवृत्तीच्या रकमेशी संबंध येऊ देऊ नका. जमल्यास हे उत्तर बाबांना वाचून दाखवा. त्यांच्या पेन्शनचे सूत्र त्यांना कोणी समजावून सांगितले असेल, असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी ३० वर्षांचा असून गोरेगावला मालिकांच्या चित्रीकरणात कॅमेरा सहायक म्हणून काम करतो. एखाद्या महिन्यात ५०,००० मिळतात, एखादा महिना कोरडा जातो. पीएफ नाही. क्रेडिट कार्डाचे ६०,००० रुपये थकले आहेत. मित्राने पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) काढ असे सुचवले आहे, बँकेत अटल पेन्शनबद्दल सांगितले. मी कशापासून सुरुवात करू?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : कार्डापासून. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागत असेल, तर ६०,००० वर दरमहा २,१०० रुपये नुसते व्याजापोटी जातात. तेच ६०,००० पीपीएफमध्ये असते, तर आजच्या ७.१ टक्के दराने वर्षाला ४,२६० रुपये मिळाले असते. पीपीएफ वर्षभरात जेवढे देतो, तेवढे कार्ड दोन महिन्यांत घेऊन जाते. म्हणून पुढचे जे दोन-तीन चांगले महिने येतील, त्यांतले पैसे आधी तिथे भरा, आणि फक्त किमान रक्कम भरून समाधान मानू नका.

पण हे फिटेपर्यंत काहीच उघडू नका, असेही मी सांगणार नाही. पीपीएफचे खाते पोस्टात किंवा बँकेत आजच ५०० रुपयांत उघडून ठेवा. त्याची १५ वर्षांची मुदत खाते उघडलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजली जाते, त्यामुळे मार्चअखेरीआधी उघडलेले खाते एक वर्ष लवकर पिकते. तुमच्यासारख्या अनियमित उत्पन्नाला ही योजना चांगली जुळते : वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख, मध्ये केव्हाही आणि कितीही हप्त्यांत. पैसे मिळाले की महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, कारण व्याज ५ तारखेनंतरच्या किमान शिल्लकीवर मोजतात. तिसऱ्या वर्षापासून कर्ज मिळते, सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते, आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही या खात्यावर जप्ती येत नाही. ज्या व्यवसायात निर्मात्यांकडून पैसे वेळेवर येतीलच याची खात्री नसते, तिथे या शेवटच्या तरतुदीचे मोल जास्त आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी मुदत संपली की पाच-पाच वर्षांनी वाढवत ती साठीपर्यंत नेता येते.

अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० या वयात प्रवेश मिळतो, मात्र ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना तो बंद आहे. तुम्हाला कर भरावा लागत नसेल तरच पुढे जा. महिना ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी येणाऱ्याला दरमहा २१० रुपये भरावे लागतात, पंचविसाव्या वर्षी ३७६, तुमच्या वयाला ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. उशिराची किंमत याहून स्पष्ट कुठे छापलेली मला माहीत नाही. हप्ता तिमाही किंवा सहामाहीही भरता येतो, तुम्ही सहामाही घ्या. तुमच्यामागे पतीला किंवा पत्नीला तेवढेच पेन्शन चालू राहते, हा या योजनेचा खरा आधार आहे. फक्त ३० वर्षांनंतरच्या ५,००० ची किंमत, महागाई ६ टक्के धरली तर, आजच्या ९०० रुपयांहूनही कमी असेल. म्हणून ही योजना पीपीएफच्या जोडीला घ्या, त्याऐवजी नको.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. नुकताच कमवायला लागला, पण सगळा पगार खर्च करतो. मी शिक्षिका आहे. त्याच्या नावाने निवृत्तीचे खाते उघडून मीच दरमहा पैसे भरले तर चालेल का? त्याला कळू न देता करायची इच्छा आहे.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : पैसे तुम्ही दिलेत तर कायद्याची अडचण नाही. आईने मुलाला दिलेल्या रकमेवर त्याला कर लागत नाही, आणि तो सज्ञान असल्यामुळे त्याच्या पीपीएफची दीड लाखाची मर्यादा तुमच्या मर्यादेत मोजली जात नाही. पण त्याला कळू न देता हे करता येणार नाही आणि करूही नये. खाते त्याच्याच सहीने, त्याच्याच आधारवर उघडेल, आणि दर वेळी येणारा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जाईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जे खाते त्याने कधी पाहिले नाही ते उद्या तुमच्यामागे तो सांभाळणार नाही. त्याला बरोबर घेऊन पोस्टात जा. तो जेवढे भरेल तेवढेच मी भरेन, अशी अट घाला आणि सुरुवातीला ती रक्कम ५०० रुपयेच ठेवा. तुमचे स्वतःचे निवृत्तीचे पैसे मात्र यासाठी वापरू नका. त्याच्यापुढे अडतीस वर्षे आहेत, तुमच्यापुढे तेवढी नाहीत.